यॉर्कशायर डुकरं उन्हाळ्यात वाढायची का थांबतात? आणि गावठी का थांबत नाही?

तळकोकण्या | २१ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे कोंबड्या, शेळ्या, गांडूळखत, अगदी गोड्या पाण्यातल्या मोत्यांवरही धागे आहेत. डुकरांवर एकही नाही, म्हणून मीच काढतो. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

सावंतवाडीजवळ आमची थोडी पडीक जागा आहे. ५ जानेवारीला आठ पिल्लं आणली. शुद्ध लार्ज व्हाइट यॉर्कशायर, दोन महिन्यांची, सरासरी १५ किलो. विकणारा म्हणाला, "सहा महिन्यांत शंभर किलो, लिहून देतो." (लिहून दिलं नाही.) त्याच आठवड्यात शेजारगावातून एक संकरित पिल्लू घेतलं. आई गावठी, बाप यॉर्कशायर. ते ९ किलोचं होतं, अंगावर काळे ठिपके. केवळ आईला आवडलं म्हणून घेतलं.

मी वजनं लिहून ठेवतो. ही बघा:
फेब्रुवारीअखेर: पांढरी सरासरी ३९, ठिपक्या २५.
मार्चअखेर: ५५ आणि ३६.
एप्रिलअखेर: ६५ आणि ४६.
काल: ६९ आणि साडेबावन्न.

म्हणजे मार्चमध्ये दिवसाला पाचशे ग्रॅमच्या वर चढणारी पांढरी मंडळी मे महिन्यात दोनशेवर आली. ठिपक्या मात्र सव्वातीनशे-साडेतीनशेच्या आसपास निवांत. खाद्य तेच, शेड तेच. पांढरी डुकरं दुपारी नुसत्या धापा टाकतात, गव्हाणीकडे बघतही नाहीत. जंताचं औषध झालंय, लस झालीय.

प्रश्न असा: आपल्या हवेत ही विलायती जात पोसायचा अट्टहास करावा, की सगळं सोडून संकरितच ठेवावं?

---

शेंगदाणा_कूट | २१ मे, रात्री ९:५८

पहिला! मे महिन्यात माझीही भूक मरते, पण वजन काही थांबत नाही. माझी जात कुठली म्हणायची?

---

अस्वस्थ_आत्मा | २१ मे, रात्री १०:१५

@शेंगदाणा_कूट, पेठेतली.

---

निवृत्त_पशुवैद्य | २२ मे, सकाळी ६:३०

वजनं लिहून ठेवलीत याबद्दल आधी शाबासकी. तीस वर्षांच्या नोकरीत असे मालक मला बोटांवर मोजण्याइतके भेटले.

आता तुमचेच आकडे पुन्हा बघा. पाच जानेवारीपासून पांढरी ५४ किलोनी वाढली, ठिपक्या साडेत्रेचाळीसने. मे धरूनसुद्धा यॉर्कशायर पुढेच आहे. तेव्हा "विलायती हरली" असं घाईने म्हणू नका. एप्रिलमध्ये बरोबरी झाली, ती हरली ती फक्त मेमध्ये.

का हरली? डुकराला कामाच्या घामग्रंथी जवळजवळ नसतात. म्हैस डुंबते तसंच त्यालाही चिखलात लोळून अंग ओलं करावं लागतं, नाहीतर धापा टाकून उष्णता बाहेर काढावी लागते. मोठ्या डुकराला १८ ते २५ अंशांत बरं वाटतं. त्याच्या वर गेलं की ते खाणं कमी करतं, कारण खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. तो आजार नाही, शहाणपणा आहे. पंचविशीच्या वर दर अंशाला रोजचं खाद्य ढोबळमानाने ४० ते ८० ग्रॅमनी घटतं, आणि जनावर जितकं वजनदार तितकं जास्त. तुमची पांढरी ठिपक्यापेक्षा मोठी आहेत हेही विसरू नका.

आणि इथेच खरी मेख आहे. यॉर्कशायरची निवड शंभर-दीडशे वर्षं कशासाठी झाली? भरपूर खाणे, भराभर मांस चढवणे. जी भट्टी जास्त जळते ती जास्त तापते. गावठी डुक्कर "काटक" आहे म्हणतात त्यातला अर्धा भाग एवढाच, की त्याची भट्टी लहान आहे.

दुपारी दोन वाजता आडव्या पडलेल्या जनावराचे श्वास मिनिटभर मोजा. वीस-तीस म्हणजे ठीक. साठच्या वर असतील तर त्याला त्रास होतोय.

---

तळकोकण्या | २२ मे, दुपारी २:२५

डॉक्टर, आत्ताच मोजले. पांढरी: ९४, ८८, १०२. ठिपक्या: ४६, आणि मी मोजत असताना उठून माझी चप्पल खायला आला.

---

वऱ्हाडी_ठसका | २२ मे, दुपारी ३:१०

अकोल्याकडून राम राम. भाऊ, आमच्याकडं आज ४४ आहे आन् माह्याकडची यॉर्कशायर मस्त खाऊन राह्यली. शेडला दोन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, वर ठिबकचं पाणी, आन् दोन मोठे डेझर्ट कूलर. आत २८ च्या वर काटा जात नाही. तुमच्याकडं तर ३३ च हाय म्हनता, मंग रडता कायले?

फक्त एक, उन्हात सोडू नका. मी पयल्या वर्षी सोडली होती. गोरी कातडी, कानं लालभडक होऊन सालटं निघाली. बायकोनं खोबरेल लावलं डुकराच्या कानाले. गाव हसलं.

---

तळकोकण्या | २२ मे, दुपारी ३:४०

कूलर आम्हीही लावला होता हो. शेडमध्ये नुसती वाफ झाली. ठिपक्यासुद्धा चिडला.

---

कोपनहेगनकर | २२ मे, संध्याकाळी ७:०५

मी शीतकरणातला इंजिनियर, डुकरं फक्त ताटात बघितलीत, पण यात तोंड घालतोच.

अकोला ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के: ओल्या काट्याचं तापमान (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसतं ते) २३ च्या आसपास. सावंतवाडी ३३ अंश, आर्द्रता ७५: ओला काटा २९. कूलर हवेला ओल्या काट्याच्या खाली कधीच नेऊ शकत नाही, तिथपर्यंत पोचतही नाही. अकोल्यात तो १६ अंश उतरवतो, सावंतवाडीत जेमतेम तीन, आणि वर दमटपणा वाढवून ठेवतो. म्हणून आपल्या आज्या म्हणायच्या ना, कोकणातला उन्हाळा अंगात मुरतो. धापा टाकून बाहेर जाणारी वाफही आधीच ओल्या असलेल्या हवेत नीट जात नाही. वऱ्हाडीभाऊ, तुमचं ४४ डुकराला परवडतं, यांचं ३३ नाही.

अवांतर: इथे डेन्मार्कात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत. माणसं साठ लाख, डुकरं त्याच्या दुप्पट. पण ती दिसत नाहीत. सगळी बंद शेडमध्ये, संगणकावर चालणारे पंखे, ठरावीक तापमान. आपण ज्याला "डॅनिश लँड्रेस" म्हणतो त्या जनावराने हवामान नावाची गोष्टच अनुभवलेली नसते.

---

अस्वस्थ_आत्मा | २२ मे, संध्याकाळी ७:२०

माणसांपेक्षा डुकरं जास्त... हे वाचून मला आमची महापालिका का आठवली?

---

निवृत्त_पशुवैद्य | २२ मे, रात्री ८:४५

कोपनहेगनकर, उत्तम. एक पुस्ती जोडतो. कोकणात हवा थंड करायच्या भानगडीत पडू नका, डुक्कर ओलं करा आणि वारा द्या. कातडी हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे तिच्यावरचं पाणी दमट हवेतही उडतं, फक्त हवा हलती पाहिजे. दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं मानेवर-पाठीवर जाड थेंब, आणि मग पंखा. धुकं करणारे फॉगर नकोत.

चिखलाचा खड्डा करायचा मोह होईल. तुमच्या जिल्ह्यात लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) आहे, उंदीर आहेत. खड्डा करायचाच तर सिमेंटचा करा आणि रोज रिकामा करा. साफ करताना पायात गमबूट हवेत, विशेषतः पावसाळ्यात.

आता सांगा: पाण्याची टाकी कुठे आहे?

---

तळकोकण्या | २२ मे, रात्री ९:००

पत्र्यावर. काळी. पाइपही पत्र्यावरूनच आलाय.

...

कळलं डॉक्टर. उद्या दुपारी निपलचं (डुकरं पितात त्या तोटीचं) पाणी हातावर घेऊन बघतो.

---

तळकोकण्या | २३ मे, दुपारी १:५०

चहा होईल.

---

मांडवीकाठ | २३ मे, रात्री १०:३०

गोव्यातून लिहितेय. सगळे वाढीबद्दल बोलताय, चवीबद्दल कोणीच नाही!

आमच्याकडे आजीच्या घरी गावठी काळी डुकरं होती. शेताच्या बांधावर फिरणारी, कोंडा आणि पेज खाणारी. वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास किलो. पण त्यांची चरबी! चोरीस, म्हणजे आमचं गोव्याचं सॉसेज, करायला ती चरबीच लागते. मीठ, व्हिनेगर, लाल मिरची, काजूची फेणी घालून उन्हात-धुरात सुकवायचं तर बिनचरबीचं मांस वाळून कडक होतं. माझी मामी पांढऱ्या डुकराच्या चोरिसाला "टायर" म्हणते. सोरपोतेलचंही (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) तेच.

अगोंदच्या भागातली ही काळी जात आता "अगोंदा गोवन" नावाने देशी जात म्हणून नोंदली गेलीय. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर काम केलं, यॉर्कशायरशी तिचे संकरही केले. तेव्हा तळकोकण्या, तुमच्यापासून दोन तासांवर लोक हाच प्रश्न घेऊन बसलेत. एकदा जाऊन या.

---

शेंगदाणा_कूट | २३ मे, रात्री १०:४१

धागा वराहपालनावरून पाककृतीकडे वळला आहे याची संपादकांनी नोंद घ्यावी आणि मामीचा पत्ता द्यावा.

---

सात्त्विक_समाधान | २४ मे, सकाळी ८:००

ज्या विष्णूने वराहरूपाने पृथ्वी वर काढली त्या देशात हे धागे वाचावे लागतात. गाय पाळा, पुण्य लागेल.

---

अस्वस्थ_आत्मा | २४ मे, सकाळी ८:०९

पृथ्वी वर काढली म्हणजे तो नक्कीच संकरित असणार. शुद्ध यॉर्कशायरने मे महिन्यात एवढं अंगमेहनतीचं काम केलं नसतं.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | २४ मे, रात्री ९:१५

गुवाहाटीत बँकेत आहे. वराहपालनाची कर्जं हे माझं रोजचं काम, त्यामुळे थोडं विस्ताराने.

आसाम म्हणजे उन्हाळ्यात कोकणाचाच भाऊ: घाम, पाऊस, दमट. इथे शुद्ध विलायतीचा प्रयोग बऱ्याच जणांचा फसला आणि संकर टिकले. इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने बंगालच्या घुंगरू जातीचा आणि हॅम्पशायरचा संकर केला, त्याचं नाव राणी. पुढे राणीवर ड्युरोक घालून आशा. आसाम कृषी विद्यापीठाची एचडीके-७५ आहे, तिच्यात हॅम्पशायर ७५ टक्के. मेघालयात नियांग मेघावर हॅम्पशायर घालून लुमस्नियांग. रांचीला टॅमवर्थ आणि देशीचा झारसुक. सगळीकडे बाप विलायती, आई इथली. ते उगाच नाही. पिल्लांचा पहिला दीड-दोन महिन्यांचा सगळा भार आईवर असतो, आणि आईला हवा सोसली पाहिजे.

आणखी एक, जे पुस्तकात मिळणार नाही. इथे गिऱ्हाईक काळं डुक्कर मागतं. पांढरं चार किलोने जास्त भरलं तरी भाव कमी. तुमच्याकडे व्यापारी कुठला माल उचलतो ते आधी बघा, मग जात निवडा.

आणि कृपा करून हॉटेलचं खरकटं न उकळता घालू नका. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात पहिल्यांदा इथेच आला. औषध नाही. माणसाला होत नाही, पण डुकरांमध्ये शिरला की गोठा रिकामा. माझ्या खातेदारांपैकी काहींनी एका आठवड्यात सगळं गमावलं. त्यात शुद्ध-संकरित-गावठी असा भेदभाव त्या विषाणूने केला नाही.

---

बखर_वाचक | २५ मे, सकाळी ११:२०

आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषय निघाला म्हणून हैतीची गोष्ट सांगतो, या धाग्याला ती फार लागू आहे.

कॅरिबियन बेटांवरच्या हैतीत शेतकऱ्यांकडे क्रिओल नावाची लहान काळी डुकरं होती. उकिरड्यावर जगायची, औषध नको, शेड नको. गरिबाची ती बँक होती: शाळेची फी, लग्न, मयत, काही आलं की एक डुक्कर विकायचं. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथे हा रोग आला. तो अमेरिकेत पोचू नये म्हणून १९८३ पर्यंत बेटावरची झाडून सगळी क्रिओल डुकरं मारली गेली. बदल्यात आली अमेरिकेतल्या आयोवाची गोरी, गुबगुबीत डुकरं. त्यांना हवं स्वच्छ पाणी, छपराखालचा पक्का गोठा, आयात केलेलं खाद्य. ज्याच्या स्वतःच्या झोपडीला धड छप्पर नाही त्याने डुकराला बांधायचं! हैतीच्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं "चार पायांचे राजपुत्र". पुष्कळ ठिकाणी ती टिकलीच नाहीत. पुढे फ्रेंच संशोधकांनी गॅस्कन, चिनी आणि ग्वाडलूपच्या क्रिओल डुकरांचं रक्त मिसळून पुन्हा एक काटक डुक्कर तयार करून दिलं.

---

वऱ्हाडी_ठसका | २५ मे, दुपारी १२:००

चार पायांचे राजपुत्र! आजपासून माह्या गोठ्याचं हेच नाव. कूलरचं बिल पाह्यलं तर राजवाडाच हाय.

---

हिशोबी | २५ मे, रात्री ८:३०

भावनेला बाजूला ठेवू. वाढ दिवसाला किती ग्रॅम, हा प्रश्नच अर्धवट आहे. एक किलो वजन चढायला किती किलो खाद्य लागलं? तो आकडा तुमच्याकडे नाही, कारण नऊही एकाच गव्हाणीत खातात. ठिपक्या पांढऱ्यांच्या वाटचं तर खात नाही ना?

दुसरं. राष्ट्रीय पशुधन अभियानात भांडवली खर्चावर ५० टक्के अनुदान आहे, १०० माद्या आणि १० नरांच्या गोठ्याला ३० लाखांपर्यंत. लोक अनुदान बघून शुद्ध विलायती माद्या घेतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात तोंडघशी पडतात. आठ पिल्लांवर हा धडा मिळाला, हे स्वस्तात पडलं.

---

तळकोकण्या | २५ मे, रात्री ९:१०

@हिशोबी, वर्मावर बोट. ठिपक्या खातो. दुपारी पांढरी झोपलेली असताना एकटा गव्हाणीत उभा असतो. उद्यापासून त्याला वेगळा करतो.

---

निवृत्त_पशुवैद्य | २६ मे, सकाळी ६:१०

म्हणजे ठिपक्याच्या यशात चोरीचाही वाटा आहे!

खाद्याबद्दल राहिलं होतं. पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर घाला, दुपारी नाही. भाताचा कोंडा कमी करा. तंतू जास्त असलेलं खाद्य पचताना आतड्यात आंबतं आणि अंगातली उष्णता वाढवतं. त्याऐवजी मका आणि थोडं तेल. मका मात्र बुरशीचा नको. पावसाळ्यात तुमच्याकडे पोत्यातल्या मक्याला बुरशी धरायला आठवडा पुरतो.

पुढे माद्या ठेवणार असाल तर दोन गोष्टी. मे महिन्याच्या तापाचा परिणाम नरावर जवळजवळ दीड महिना राहतो, म्हणून जून-जुलैत माद्या उलटतात (गाभ राहत नाहीत) आणि मालक पावसाला दोष देतो. आणि व्यालेल्या मादीला हवेत १८-२० अंश, तिच्या पोटाशी लागलेल्या एका दिवसाच्या पिल्लाला ३२ ते ३४. एकाच खोलीत दोन ऋतू सांभाळायचे असतात. थंड देशात फक्त पिल्लांच्या कोपऱ्यात दिवा लावला की भागतं. आपल्याकडे पिल्लं खुशीत, आई तापलेली, मग दूध आटतं. संकरित आईचा खरा फायदा तिथे दिसतो, वजनकाट्यावर नाही.

आठही एकाच घरातली असतील तर त्यांचा आपसात संयोग करू नका, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण लोक करतात.

---

सात्त्विक_समाधान | २६ मे, सकाळी ९:४५

माझा विरोध कायम आहे. पण माहिती चांगली आहे. तेलाची कल्पना म्हशींना चालेल का?

---

तळकोकण्या | २६ जुलै, रात्री १०:००

धागा वर काढतो, क्षमस्व. हिशोब द्यायचा होता.

टाकी फणसाखाली आणली, पाइप जमिनीत पुरला. पत्र्यावर नारळाच्या झावळ्या. मानेवर ठिबक, बाजूने पंखा. खाद्य पहाटे आणि रात्री. एवढ्यावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात श्वास साठच्या आत आले. पाऊस आला आणि पांढऱ्यांनी जे खायला सुरुवात केली... दिवसाला साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे! २० जुलैला पाच विकली, सरासरी ९९ किलो. साडेआठ महिने लागले, सहा नव्हे.

ठिपक्या वेगळा झाल्यावर २८० ग्रॅमवर आला. चोर तो चोरच. पण तो विकायचा नाही असा घरातून आदेश आहे.

दोन पांढऱ्या माद्या ठेवल्यात. मांडवीकाठताई, जुन्या गोव्याला जाऊन आलो. नर त्यांच्याच जातीचा नको, अगोंदाच्या संकरातला बघतोय.

---

मांडवीकाठ | २६ जुलै, रात्री १०:२०

मामीला सांगते, टायरचे दिवस संपले.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | २७ जुलै, सकाळी ७:५०

पण मग तुमच्याकडे आई विलायती आणि बाप संकरित झाला, म्हणजे आम्ही करतो त्याच्या उलट. मे महिन्यात व्याली तर आईचं दूध आटण्याचा प्रश्न तसाच राहतो.

---

तळकोकण्या | २७ जुलै, सकाळी ८:३०

म्हणूनच नर ऑगस्टअखेर दाखवणार. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. डिसेंबरात व्यातील, थंडीत. पिल्लांतल्या माद्या ठेवायच्या, त्या पुढच्या आया. या दोघींनी मे महिन्यात नुसतं पडून राहावं, तेवढे लाड परवडतील.

---

तळकोकण्या | १९ डिसेंबर, पहाटे ४:५०

एक आत्ताच व्याली. नऊ. एक मेलेलं निघालं, आठ ठणठणीत. पाच पांढरी, तीन ठिपकेवाली. दुसरी अजून गवत गोळा करतेय. आई कंदील घेऊन बसलीय, मला झोपायला जा म्हणते.

---

निवृत्त_पशुवैद्य | १९ डिसेंबर, सकाळी ६:०५

अभिनंदन. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन विसरू नका. सिमेंटवर जन्मलेल्या पिल्लांना माती उकरायला मिळत नाही आणि आईच्या दुधात लोह पुरेसं नसतं. आणि एप्रिलपासून प्रत्येकाचं वजन वेगळं लिहा. या वेळी गव्हाणीही वेगळी.

---

वऱ्हाडी_ठसका | १९ डिसेंबर, सकाळी ९:३०

भाऊ, ठिपक्यांच्या तीनमधी मादी किती? एक जोडी मले पाह्यजे. दोन महिन्यांची झाली की सांगा, गाडी घेऊन येतो. राजपुत्रांचं कूलरचं बिल आता झेपत नाही.

---

तळकोकण्या | १९ डिसेंबर, सकाळी ९:५५

माद्या दोन. त्यातली एक आईने आधीच राखून ठेवलीय. दुसरीचं बोलू, व्यनि (खाजगी निरोप) करा.